मुतखडा, तीन बोटांची पकड आणि एक हिशेब

मुतखड्याचा त्रास झालेला एकही माणूस ओळखीत नाही, असा शिक्षक सापडणे कठीण. ‘दुर्बिणीतून काढला, दोन दिवसांत घरी आले’ हे वाक्यही आता शिक्षकांच्या खोलीत नवे राहिलेले नाही. शरीर न चिरता, नैसर्गिक वाटेने नळी आत घालायची, खडा आतच फोडायचा आणि तुकडे बाहेर काढायचे, ही कल्पना मात्र काल-परवाची नाही. जिवंत रुग्णावर ती पद्धतशीरपणे करून दाखवली गेली त्याला दोनशे वर्षे होऊन गेली. ज्याने ती करून दाखवली त्या झाँ सिव्हियाल (१७९२-१८६७) या फ्रेंच शल्यचिकित्सकाची कारकीर्द विज्ञानाच्या तासाला जितकी उपयोगी आहे, तितकीच गणिताच्याही.

आधी त्या काळचा मुतखडा समजून घेऊ. आज बहुतेक खडे मूत्रपिंडात किंवा मूत्रवाहिनीत आढळतात. पूर्वी मूत्राशयातला खडा फार मोठ्या प्रमाणावर दिसे आणि तो लहान मुलांनाही होई. खडा मोठा झाला की लघवी अडे, वेदना असह्य होत. उपाय एकच होता : गुदद्वार आणि वृषण यांच्यामधल्या जागी छेद घेऊन खडा बाहेर ओढायचा. सुश्रुतसंहितेत अश्मरीच्या शस्त्रक्रियेचे तपशीलवार वर्णन आहे. मधल्या शिवणीच्या डाव्या बाजूला, जवाच्या दाण्याएवढे अंतर सोडून छेद घ्यावा, असे ती सांगते. उपाय न केला तर मृत्यू निश्चित आणि केला तर जगण्याविषयी शंका, म्हणून राजाची परवानगी घेऊनच वैद्याने हात घालावा, असेही तिथे म्हटले आहे. ग्रीसमधल्या हिप्पोक्रेटीसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत तर खडा कापून काढण्याचे काम वैद्याने आपल्याकडे घेऊच नये, असे आहे. दोन दूरच्या संस्कृतींना एकाच शस्त्रक्रियेची धास्ती वाटावी, यावरून तिच्यातला धोका लक्षात येतो. रक्तस्राव, पू, आतड्याला इजा, आणि जगलाच तर जन्मभर न थांबणारी लघवी, अशी ही धोक्याची यादी होती. भूल देण्याची सोय १८४६ पर्यंत नव्हतीच.

या धास्तीपोटी माणसे काय करत, याचे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. लखनौला राहणारा फ्रेंच अधिकारी क्लोद मार्तँ (१७३५-१८००), ज्याच्या संपत्तीतून पुढे ‘ला मार्टिनिअर’ शाळा निघाल्या, त्याने १७८०च्या दशकाच्या सुरुवातीला एक बारीक कानस तयार केली. ती मूत्रमार्गातून आत घालून त्याने स्वतःचाच खडा थोडाथोडा घासून संपवला. हे धैर्य विलक्षण होते, पण दुसऱ्याला शिकवता येईल अशी ती पद्धत नव्हती.

सिव्हियालचा जन्म फ्रान्सच्या ओव्हेर्न्य या डोंगराळ भागातला. पॅरिसला वैद्यकाचे शिक्षण घेताना तो प्रसिद्ध शल्यचिकित्सक द्युप्युइत्राँ यांच्या हाताखाली होता. त्याची पहिली कल्पना रसायनशास्त्राची होती. मूत्राशयात एखादे द्रावण सोडून खडा विरघळवता येईल का? १७७६ मध्ये शेले या रसायनज्ञाने अशाच खड्यातून यूरिक आम्ल वेगळे केले होते. म्हणजे खडा हे काही गूढ प्रकरण नाही, एक रासायनिक पदार्थ आहे, हे ठाऊक होते. पण अडचण उघड होती. दगड विरघळवील असे तीव्र द्रावण मूत्राशयाच्या नाजूक अस्तराला कसे सोडील? मग खडा पकडून द्रावणापासून अस्तर वाचवावे, असा विचार आला. त्यासाठी पकड तयार करता करता सिव्हियालच्या ध्यानात आले की, खडा घट्ट पकडता येत असेल तर द्रावण हवेच कशाला? तो फोडताच येईल.

मूत्रमार्ग वाकडा असल्याने त्यात वाकडीच नळी जाते, असा सर्वसाधारण समज होता. वाकड्या नळीत गिरमिट फिरवता येत नाही. मूत्रमार्ग लवचीक आहे आणि सावकाशीने सरळ नळीही आत जाते, हे बव्हेरियाच्या ग्रुइटहुइझेनने १८१३ मध्येच मांडले होते. सिव्हियालच्या उपकरणात एक सरळ बाहेरची नळी आणि तिच्या आत दुसरी नळी होती. आतल्या नळीचे टोक तीन लवचीक बोटांत विभागलेले होते. नळी बाहेर सरकवली की बोटे उमलत, मागे ओढली की खड्याभोवती आवळली जात. मधून जाणारी दांडी गिरमिटासारखी फिरे. सुतार दोरीच्या कमानीने भोक पाडतो तशीच कमान तिला लावलेली असे. खड्याला भोके पाडायची, तो ठिसूळ झाला की दाबून फोडायचा आणि चुरा लघवीवाटे जाऊ द्यायचा. हे सारे न बघता, केवळ हाताला लागणाऱ्या स्पर्शावर आणि दगडावर धातू घासल्याच्या जाणिवेवर चाले. मूत्राशयात डोकावण्याचे नित्झेचे उपकरण यायला १८७९ उजाडायचे होते.

१३ जानेवारी १८२४ रोजी पॅरिसमध्ये, विज्ञान अकादमीने नेमलेल्या शोसिए आणि पेर्सी या परीक्षकांसमोर, सिव्हियालने हा प्रयोग जिवंत रुग्णावर केला. एका बैठकीत काम संपले नाही. काही दिवसांच्या अंतराने पुन्हा बसावे लागले. पण रुग्ण खड्यातून मोकळा झाला. उपकरणाची कल्पना आपली, असा दावा लेर्वा देत्योल आदी इतरांनीही केला आणि ते भांडण बरीच वर्षे चालले. सिव्हियालला पुढे पॅरिसच्या नेकर रुग्णालयात मूत्रविकारांसाठी स्वतंत्र विभाग मिळाला. अशा प्रकारचा तो जगातला पहिला विभाग मानला जातो.

आता गणिताकडे येऊ. सिव्हियालने युरोपभरातून शस्त्रक्रियांच्या नोंदी गोळा केल्या आणि त्या अकादमीपुढे ठेवल्या. छेद घेऊन केलेल्या सुमारे ५,४०० शस्त्रक्रियांत शंभरी सुमारे १९ रुग्ण दगावले होते. खडा फोडण्याच्या पद्धतीत, सुमारे ३०० रुग्णांत, हे प्रमाण शंभरी दोन-अडीच होते. १८३५ मध्ये या कामाचे परीक्षण करणाऱ्या समितीत कोण होते पाहा : संभाव्यताशास्त्रातला पॉयसन, उष्णतेच्या धड्यात ‘ड्युलाँग-पेटिट’ म्हणून भेटणारा ड्युलाँग, नेपोलियनच्या सैन्याचा शल्यचिकित्सक लारे आणि दूब्ल हा वैद्य. या समितीने आकड्यांचे ढिगारे पाहून मान डोलावली नाही. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते : संख्याशास्त्र माणसाचे वेगळेपण पुसून टाकते. वैद्यासमोर असतो तो एक रुग्ण; त्याचे वय, त्याची प्रकृती, त्याचा खडा. शंभरांची सरासरी त्याला कशी लागू करायची?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात दोन निरनिराळ्या शंका मिसळल्या आहेत आणि वर्गात त्या वेगळ्या करून दाखवणे हा उत्तम पाठ होईल. पहिली शंका : हा फरक योगायोगाने पडला असेल का? तीनशे आणि पाच हजार अशा संख्या असताना १९ आणि २ यांतला फरक योगायोगाचा म्हणता येत नाही. पॉयसनच्या गणिताचा आधार घेऊन गावारे या लेखकाने १८४० मध्ये वैद्यकासाठी हेच तपासण्याचे नियम मांडले. दुसरी शंका : दोन्ही गट सारखे होते का? इथे मात्र सिव्हियालची बाजू लंगडी पडते. मोठा, कठीण खडा किंवा खालावलेली प्रकृती असेल तर खडा फोडण्याचा मार्ग टाळला जाई आणि तो रुग्ण छेदाकडे जाई. शिवाय एकीकडे सरावलेले मोजके हात आणि दुसरीकडे नाना ठिकाणचे बरेवाईट शल्यचिकित्सक. म्हणजे फरक खरा होता, पण तो सगळाच पद्धतीच्या पदरात टाकता येत नव्हता. ही दुसरी अडचण कितीही मोठ्या संख्येने सुटत नाही. त्यासाठी रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटावे लागतात, आणि ती रीत विसाव्या शतकात रुळली.

समितीचा आक्षेप आठवावा अशी एक घटना पुढे घडली. सिव्हियालकडे शिकून गेलेला इंग्रज शल्यचिकित्सक हेन्री थॉम्पसन याने १८६३ मध्ये बेल्जियमचा राजा पहिला लिओपोल्ड याला खड्यातून सोडवले. त्याच थॉम्पसनने जानेवारी १८७३ मध्ये इंग्लंडात राहत असलेल्या पदच्युत तिसऱ्या नेपोलियनचा खडा फोडायला घेतला. दोन बैठका झाल्या. तिसरीपूर्वी, ९ जानेवारीला, नेपोलियन वारला. पद्धत तीच, हात तोच. शंभरांतले दोन म्हणजे कोण, हे आकडा आधी सांगत नाही.

तरीही पद्धत पुढे गेली. १८७८ मध्ये बॉस्टनच्या बिगेलोने एकाच बैठकीत खडा फोडून सगळा चुरा शोषून काढण्याची रीत आणली. होळकरांच्या इंदूरमध्ये रेसिडेन्सीच्या रुग्णालयातल्या कीगन या डॉक्टरने १८८०च्या दशकात बारीक उपकरणे वापरून ती लहान मुलग्यांवर यशस्वी केली. मुलांचा मूत्रमार्ग यासाठी फार अरुंद आहे, असे त्याआधी मानले जाई. १९८० मध्ये म्युनिकला शरीराबाहेरून आघात-लहरी सोडून मूत्रपिंडातला खडा फोडण्यात यश आले आणि नळीचीही गरज काही रुग्णांपुरती संपली.

पुढच्या वेळी कोणी ‘या औषधाने शंभरातले नव्वद बरे झाले’ असे वर्गात सांगितले, तर मुलांकडून दोन प्रश्न विचारून घ्यावेत : ते शंभर निवडले कोणी, आणि औषध न घेतलेल्या शंभरांचे काय झाले?