सीमारेषा, वखार आणि ओल्ड क्रो (थ्रेड)

१/८
कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेस, पॉर्क्युपाइन आणि क्रो या नद्यांच्या संगमावर ओल्ड क्रो हे गाव आहे. वस्ती जेमतेम अडीचशेची. बारमाही रस्ता नाही. बहुतेक माल विमानानेच येतो. हे वुंटुट ग्विचिन लोकांचे गाव. ते येथे कसे वसले, हे समजण्यासाठी नदीच्या प्रवाहाबरोबर अलास्कात उतरावे लागते.

२/८
पॉर्क्युपाइन नदी जेथे युकॉन नदीस मिळते, तेथे १८४७ मध्ये हडसन्स बे कंपनीने फोर्ट युकॉन ही वखार घातली. प्रदेश रशियाचा, वखार ब्रिटिशांची. ग्विचिन शिकारी कातडी आणत आणि बदल्यात बंदुका, दारूगोळा, तंबाखू, मणी नेत.

३/८
१८६७ मध्ये रशियाने ७२ लाख डॉलरना अलास्का अमेरिकेस विकला. १८६९ मध्ये कॅप्टन रेमंड यांनी ग्रहताऱ्यांचे वेध घेऊन वखार अमेरिकेच्या हद्दीत असल्याचे जाहीर केले. कंपनीस नदीने वर सरकावे लागले.

४/८
रॅम्पार्ट हाउस ही नवी वखारही मोजणीअंती अलास्कातच निघाली! तेव्हा ती पुन्हा हलवून १४१ अंश पश्चिम रेखांशालगत, कॅनडाच्या बाजूस नेण्यात आली. १८९० च्या दशकात कंपनीने तीही सोडली. पुढे खासगी व्यापारी आले.

५/८
१९११ मध्ये रॅम्पार्ट हाउसला देवीची साथ आली. रोग पसरू नये म्हणून घरे जाळण्यात आली. त्यानंतर कुटुंबे हळूहळू ओल्ड क्रोकडे सरकली.

६/८
या नव्या गावाचा रोकड पैसा मस्करॅटच्या कातड्यांतून येई. हा पाणथळीत राहणारा, दाट केसांचा कुरतडणारा प्राणी. वसंतात कुटुंबेच्या कुटुंबे कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून उत्तरेच्या सरोवरांकडे जात, सापळे लावत आणि बर्फ फुटल्यावर नावेने परतत. मांस घरी शिजे, कातडे दुकानी जाई. मात्र त्याचा भाव दूरच्या शहरांतील फॅशन ठरवी.

७/८
पोटाचा आधार वेगळा होता: कॅरिबू. पॉर्क्युपाइन कळप वर्षातून दोनदा या मुलखातून जातो. बंदुकीपूर्वी लाकडी कुंपणांत कोंडून त्याची शिकार होई. कातड्यांचा बाजार बसला, तरी या मांसाची वाटणी नातलगांत व वृद्धांत चालूच राहिली. गाव टिकले ते यामुळे.

८/८
मात्र कळपाची विण्याची मुख्य जागा सीमेपलीकडे, अलास्काच्या किनारपट्टीवर आहे आणि तिच्याखाली तेल असल्याचे मानले जाते. १९८८ मध्ये दोन्ही देशांतील ग्विचिन अलास्कातील आर्क्टिक व्हिलेज येथे जमले आणि त्या भूमीच्या रक्षणाचा निर्धार केला. २०१७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तेथील तेलपट्ट्यांच्या लिलावास कायद्याने वाट मोकळी केली. ज्या रेषेने एकेकाळी वखार हलवली, तिच्या पलीकडे आता ओल्ड क्रोच्या अन्नाचा निर्णय होतो.