चुरपोनची पाळी : लडाखमधल्या घराचं पाणी आणि वीज



‘ऑफ-ग्रिड’ हा शब्द सध्या जोरात आहे. गावाबाहेर दोन एकर जमीन घ्यायची, छपरावर सोलर पॅनल टाकायचे, आवारात बोअर मारायची आणि सरकारी तारेशी, नळाशी संबंध तोडून मोकळं व्हायचं, असं ते स्वप्न. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, कुठेही जा, आपल्या माणसांत हे स्वप्न बघणारे भेटतातच. स्वप्नाला माझी हरकत नाही. पण एक अख्खा मुलूख शतकानुशतकं असाच राहिला, आणि तो कसा राहिला हे पाहिल्याशिवाय बोअरवाल्याला फोन करू नका, एवढंच सांगायला आज बसलो आहे.

तो मुलूख म्हणजे लडाख. लेह शहर देशाच्या वीजजाळ्याला जोडलं गेलं ते थेट 2019 साली. श्रीनगरहून द्रास, कारगिलमार्गे जाणाऱ्या 220 केव्हीच्या वाहिनीचं लोकार्पण त्या वर्षीच्या फेब्रुवारीत झालं. तोवर लेह सरकारी भाषेतसुद्धा ऑफ-ग्रिडच होतं.

आधी पाण्याचं बघू, कारण तिथे पाणी म्हणजेच शेती आणि शेती म्हणजेच घर. लेहची उंची साधारण 3,500 मीटर. वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून सुमारे 100 मिलिमीटर. मुंबईत जुलैतल्या एका चांगल्या दिवसात एवढा पडतो. म्हणजे शेती सगळी हिमनदीच्या पाण्यावर. आणि खरी अडचण पाण्याच्या प्रमाणात नाही, तारखेत आहे. जवाची पेरणी एप्रिल-मेमध्ये उरकावी लागते, कारण उन्हाळा तोकडा. हिमनद्या मात्र पाच हजार मीटरच्या वर बसलेल्या. त्या जोमाने वितळायला लागतात जूनमध्ये. पेरणीच्या वेळी ओढ्यात पाण्याची बारीक धार असते आणि सगळ्या गावाला त्याच धारेवर शेतं भिजवायची असतात.

यावर लडाखी माणसाने तीन गोष्टी उभ्या केल्या. पहिली ‘युरा’, म्हणजे डोंगराच्या कडेने खोदलेला पाट. दुसरी ‘झिंग’, म्हणजे लहानसं तळं. रात्री शेतात पाणी सोडता येत नाही, म्हणून रात्रभराची धार झिंगमध्ये साठवायची आणि सकाळी एकदम सोडायची. बारीक धार जमिनीतच जिरते, तेच पाणी लोंढ्याने सोडलं तर शेवटच्या शेतापर्यंत पोचतं. तिसरी गोष्ट दगडमातीची नाही, ती माणूस आहे. त्याला म्हणतात ‘चुरपोन’. ‘चु’ म्हणजे पाणी. गावाने नेमलेला पाण्याचा अधिकारी. आज कोणाची पाळी, किती वेळ, कोणत्या पाटाचं तोंड कधी बंद करायचं, हे तो ठरवणार. पाट फुटला तर माणसं गोळा करणार तोच, आणि भांडण झालं तर पहिला निवाडाही त्याचाच. मोबदला धान्यात. अनेक गावांत हे काम घराघरांत पाळीने फिरत असे, त्यामुळे आज ज्याच्यावर चिडलात त्याच्या जागी पुढे तुम्हीच बसणार, हे प्रत्येकाला ठाऊक असे.

आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत होती, काही गावांत अजून आहे. तिथे पाणी वाटणारा ‘पाटकरी’, पिकाची राखण करणारा ‘जागल्या’ आणि त्यांच्यावर ‘हवालदार’. फौजेतल्या माणसाला तो हुद्दा ऐकून बरं वाटतं. हिमालयातलं वाळवंट आणि खानदेशातली नदी यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी दोन्हीकडे लोक एकाच उत्तराशी आले, की बंधारा बांधणं हे निम्मं काम आणि उरलेलं निम्मं त्या माणसाचं.

आता शक्तीचं. वीज यायच्या कितीतरी आधी लडाखच्या ओढ्यांवर ‘रंतक’ फिरत होती. रंतक म्हणजे पाणचक्की, पिठाचं जातं. उत्तराखंडात आणि हिमाचलात हिलाच घराट म्हणतात. लाकडी पन्हळीतून तिरपं पाणी आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळतं, चाकाचा उभा दांडा खालच्या तळीच्या मधून वर येतो आणि वरची तळी फिरवतो. ना दातेरी चाकं, ना पट्टा. भाजलेल्या जवाचं पीठ इथेच दळायचं. गावातली कोणतीही बाई किंवा बाप्या ती दुरुस्त करू शकत असे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1962 नंतर फौज मोठ्या संख्येने आली, 1974 मध्ये लडाख पर्यटकांना खुलं झालं आणि दोन्हींबरोबर डिझेल आलं. जोझिला हिवाळ्यात बंद, म्हणून सहा महिन्यांचं इंधन उन्हाळ्यातच वर चढवून ठेवायचं. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश असतो, त्यामुळे जनरेटर पाटीवर लिहिलेली ताकद देत नाही. थंडीत डिझेल घट्ट होतं, सकाळी इंजिनाला आधी शेकावं लागतं. एवढं करून संध्याकाळचे काही तास दिवे. गावातल्या लोकांसाठी हा सौदा फार महाग होता. पण त्यातली मोठी किंमत रुपयांत नव्हती. जनरेटर बिघडला की मेकॅनिक लेहहून येणार, आणि तो येईपर्यंत अख्खं गाव अंधारात बसणार. रंतक बिघडली तर असं कधी झालं नव्हतं.

मग ओढ्यावरच वीज का करू नये? केली. 1983 मध्ये स्थापन झालेल्या ‘लडाख इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट ग्रुप’ या संस्थेने छोटे जलविद्युत संच आणि ऊन साठवून रात्री खोली उबदार ठेवणाऱ्या भिंती गावांत नेल्या. हिशेब अगदी सोपा आहे. सेकंदाला दहा लिटर पाणी दहा मीटर खाली पडलं, तर जवळपास एक किलोवॅट शक्ती हाताशी येते. यंत्रातले तोटे धरले तरी अर्धा किलोवॅट पदरात पडतो, तोही रात्रंदिवस. एलईडीच्या काळात त्यावर एक वाडी उजळते. अडचण पुन्हा तारखेचीच. ऐन जानेवारीत, दिव्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा, ओढा गोठतो.

म्हणून सोलर. लडाखचं ऊन कडक, हवा थंड, आणि थंडीत पॅनल अधिक चांगलं काम करतो. नाजूक असते ती बॅटरी. पूर्ण चार्ज असलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, पण तीच पूर्ण उतरली तर उणे दहाच्या आसपास आतला द्रव गोठून डबा फुटतो. म्हणजे एका रात्री कोणी हौसेने टीव्ही जास्त वेळ चालवला तर सगळ्यांची बॅटरी जायची. पॅनल ठणठणीत आणि खाली फुटलेल्या बॅटऱ्यांचा ढीग, हे दृश्य मी सीमेवरच्या एकाहून अधिक गावांत पाहिलं आहे. सामान चांगलं होतं, बसवलंही नीट होतं. चुरपोन नेमला नव्हता.

याच्या उलट उदाहरणही आहे. 2014 मध्ये ‘ग्लोबल हिमालयन एक्सपिडिशन’च्या मंडळींनी सुमदा चेनमो या दुर्गम गावात पायी सामान नेऊन डीसी मायक्रोग्रिड उभा केला. नंतर असं काम अनेक गावांत झालं. गावातल्याच लोकांना देखभाल शिकवायची आणि घरटी दरमहा थोडे पैसे गावाच्या खात्यात जमवायचे, ही त्यातली मेख.

पाण्याकडे परत येतो, कारण खरं संकट आता तिथे आहे. हिमनद्या मागे सरकताहेत आणि एप्रिलची ती धार आणखी बारीक होते आहे. जम्मू-काश्मीरच्या ग्रामविकास खात्यातले सिव्हिल इंजिनिअर चेवांग नॉर्फेल यांनी हिवाळ्यात एक साधी गोष्ट पाहिली. नळ फुटू नये म्हणून लोक तो थोडा उघडा ठेवतात, आणि ते वाहून जाणारं पाणी झाडाच्या सावलीत, जिथे वेग कमी होतो तिथे, थराथराने गोठतं. मग हिवाळ्यातलं फुकट जाणारं पाणी गावाच्या वरच्या सावलीच्या उतारावर वळवायचं, दगडी बुटक्या बांधांनी त्याचा वेग मोडायचा आणि बर्फ साठवायचा. खऱ्या हिमनदीपेक्षा हा बर्फ खाली, म्हणून लवकर वितळतो, नेमका पेरणीला. 1987 मध्ये फुक्त्से गावात त्यांनी सुरुवात केली. 2015 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

सावलीचा उतार प्रत्येक गावाला नसतो. सोनम वांगचुक यांनी त्यावर तोड काढली. वरून पाइपने आणलेलं पाणी स्वतःच्याच दाबाने कारंज्यासारखं उडवायचं, पंप नाही, वीज नाही. थंड हवेत ते गोठतं आणि बर्फाचा सुळका चढत जातो. सुळक्याचा आकार असा की बर्फ भरपूर, पण उन्हाला तोंड देणारा पृष्ठभाग कमी. 2013-14 च्या हिवाळ्यातला पहिला प्रयोग सुमारे दीड लाख लिटरचा होता आणि तो मेच्या मध्यापर्यंत टिकला.

आता तरुण मुलं गावात थांबत नाहीत. काही लडाख स्काउट्समध्ये, काही लेहच्या हॉटेलांत, काही जम्मू-चंदीगडला कॉलेजात. पगार चांगला मिळतो, त्यांना दोष कसा देणार? पण कित्येक गावांत चुरपोनची पाळी ज्या घराची, त्या घरी साठीचे आजोबा उरले आहेत. बर्फाच्या स्तूपात अर्धवट वाहणारा पाइप गोठून चोंदतो. ज्या रात्री पारा उणे वीसला जातो, त्या रात्रीच सर्वांत जास्त बर्फ होतो आणि त्या रात्रीच पाइप चोंदतो. तेव्हा कंदील घेऊन वर जायचं आणि झडप सोडून यायची, हे काम अजून त्या घराकडेच आहे.