बँडविषयक संगीत-खेळ

एखाद्या विशिष्ट रॉक बँडची, म्हणजे गायक-वादकांच्या गटाची, गाणी आणि त्याच्या सभासदांच्या प्रतिमा यांवर आधारलेला व्हिडिओ खेळाचा एक प्रकार. मुख्यतः अमेरिकेत २००८ ते २०१० या काळात तो भरभराटीस आला. त्याच सुमारास इंटरनेटवरून एकेक गाणे विकत घेऊन ते मूळ खेळात भरण्याची सोय रूढ झाली. त्यामुळे एका गटाची गाणी तबकडीत एकत्र बांधून विकावीत, की सुटी गाणी ग्राहकाच्या निवडीवर सोडावीत, असा प्रश्न उपस्थित झाला. वरवर हा किमतीचा प्रश्न दिसतो. परंतु विकत घेतलेल्या संगीतावर ग्राहकाचा हक्क किती, हा त्यातील अधिक महत्त्वाचा भाग होय.

पूर्वपीठिका : गिटारच्या आकाराचे उपकरण हाती घेऊन खेळावयाचा खेळ जपानमधील कोनामी या कंपनीने १९९९ मध्ये खेळगृहांसाठी आणला. अमेरिकेत केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथे ॲलेक्स रिगॉप्युलस व एरान एगोझी यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेल्या हार्मोनिक्स या संस्थेने ‘गिटार हीरो’ हा खेळ तयार केला व तो नोव्हेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यावर सरकत येणाऱ्या रंगीत खुणांनुसार प्लॅस्टिकच्या गिटारवरील पाच कळा दाबावयाच्या व त्याच क्षणी तारेच्या जागी असलेली पट्टी छेडावयाची, अशी त्याची रचना होती. खेळाडू चुकला, की गाण्यातील गिटारचा आवाज बंद पडे. यासाठी प्रत्येक वाद्याचे ध्वनिमुद्रण वेगळे मिळणे आवश्यक असे. पहिल्या खेळातील बहुतेक गाणी इतर वादकांकडून पुन्हा ध्वनिमुद्रित करून घेतलेली होती. पुढे मूळ ध्वनिमुद्रणे वापरली जाऊ लागली.

२००६ मध्ये ‘गिटार हीरो’ ही मालिका ॲक्टिव्हिजन कंपनीकडे गेली आणि हार्मोनिक्स ही संस्था व्हायकॉम समूहातील एमटीव्हीने विकत घेतली. हार्मोनिक्सने नोव्हेंबर २००७ मध्ये गिटार, बेस, ड्रम व गायन या चारही भूमिकांचा ‘रॉक बँड’ हा खेळ आणला आणि त्यासाठी दर आठवड्यास नवी सुटी गाणी उपलब्ध करून दिली. एका गाण्याची किंमत सामान्यतः १.९९ डॉलर असे.

प्रमुख खेळ : एका गटाला वाहिलेला ‘गिटार हीरो : एरोस्मिथ’ हा खेळ जून २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर याच मालिकेत मेटॅलिका (मार्च २००९) व व्हॅन हेलन (डिसेंबर २००९) या गटांवरील खेळ निघाले. ‘रॉक बँड’ मालिकेत एसी/डीसी या गटाच्या १८ गाण्यांची तबकडी (नोव्हेंबर २००८), ‘द बीटल्स : रॉक बँड’ (९ सप्टेंबर २००९) व ‘ग्रीन डे : रॉक बँड’ (जून २०१०) ही प्रकाशने उल्लेखनीय आहेत.

किमतीची तुलना : बीटल्सच्या खेळात ४५ गाणी होती व वाद्यांविना त्याची किंमत सु. ६० डॉलर होती. म्हणजे एक गाणे सु. १.३३ डॉलरला पडे. तेवढीच सुटी गाणी घेण्यास सु. ९० डॉलर लागले असते. मात्र हा हिशेब ग्राहकाला सर्व गाणी हवी आहेत, असे गृहीत धरतो. मेटॅलिकाच्या खेळातील ४९ गाण्यांपैकी २८ त्या गटाची व २१ इतरांची होती. केवळ मेटॅलिकासाठी ६० डॉलर देणाऱ्याला एक गाणे २.१४ डॉलरला, म्हणजे सुट्या गाण्यापेक्षा महाग पडले. शिवाय सुटी गाणी इतर गाण्यांबरोबर हव्या त्या क्रमाने वाजविता येत. एसी/डीसीची गाणी सांकेतिक क्रमांकाच्या आधारे व ग्रीन डेची जादा शुल्क भरून मूळ ‘रॉक बँड’मध्ये नेता येत, बीटल्सची गाणी मात्र त्यांच्या खेळातच बंदिस्त राहिली.

असे असूनही बीटल्सच्या खेळाचे मूल्य केवळ गाण्यांच्या संख्येवर मोजता येत नाही. लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबपासून लंडनमधील ॲपल कंपनीच्या गच्चीवरील शेवटच्या वादनापर्यंतचा प्रवास त्यात क्रमाने उलगडतो. तिघांनी एकत्र गाण्याची सोय असल्याने त्या गटाच्या स्वरमेळाची घडण खेळाडूला प्रत्यक्ष अनुभवता येते. जुन्या ध्वनिमुद्रणांत एकाच पट्टीवर मिसळलेली वाद्ये जाइल्स मार्टिन यांच्या देखरेखीखाली वेगळी करण्यात आली. उलट, व्हॅन हेलनच्या खेळात गायक सॅमी हेगर यांच्या काळातील एकही गाणे नव्हते. त्यामुळे गटाचा इतिहास म्हणून तो अपुरा राहिला.

हक्क व मोबदला : या खेळांच्या नफ्यातील वाट्यावरून वाद झाले. वॉर्नर म्युझिकचे प्रमुख एडगर ब्रॉन्फमन (धाकटे) यांनी २००८ मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांना मिळणारा मोबदला फार अल्प असल्याची तक्रार केली. एरोस्मिथला आपल्या कोणत्याही आल्बमपेक्षा या खेळातून अधिक उत्पन्न झाले, असा दावा ॲक्टिव्हिजनचे प्रमुख बॉबी कोटिक यांनी केला. कलावंतांच्या प्रतिमांचा वापर हाही वादाचा विषय ठरला. ‘बँड हीरो’ या खेळात आपल्या प्रतिमा इतरांची गाणी गाताना दाखविता येतात, या कारणावरून नो डाउट या गटाने २००९ मध्ये ॲक्टिव्हिजनवर दावा दाखल केला. २०१२ मध्ये तो तडजोडीने मिटला.

ऱ्हास व मूल्यमापन : आर्थिक मंदी, महागडी उपकरणे व एकामागून एक निघालेल्या तत्सम खेळांची गर्दी यांमुळे मागणी झपाट्याने घटली. व्हायकॉमने डिसेंबर २०१० मध्ये हार्मोनिक्स विकली आणि ॲक्टिव्हिजनने फेब्रुवारी २०११ मध्ये ‘गिटार हीरो’चे काम थांबविले. २०१५ मध्ये दोन्ही मालिकांचे अल्पकाळ पुनरुज्जीवन झाले. ‘रॉक बँड ४’ मध्ये पूर्वी घेतलेली बहुतेक सुटी गाणी त्याच कंपनीच्या नव्या खेळयंत्रावर वापरता आली. तिची नव्या गाण्यांची मालिका जानेवारी २०२४ मध्ये संपली.

या इतिहासावरून दोन्ही पद्धतींच्या मर्यादा स्पष्ट होतात. निवडीचे स्वातंत्र्य व एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाण्याची क्षमता या दृष्टींनी सुटी गाणी सरस ठरली. परंतु त्यांची विक्री परवान्यांच्या मुदतीवर अवलंबून होती. बीटल्सच्या खेळासाठीची सुटी गाणी २०१६ मध्ये विक्रीतून काढून घेण्यात आली. ज्यांनी ती आधी घेतली नव्हती, त्यांना ती दुर्मिळ न होता अप्राप्यच झाली. त्याच खेळाची तबकडी मात्र जुने यंत्र चालू असेतोवर वाजते आणि हस्तांतरितही करता येते. एखाद्या गटाच्या कार्याचे सलग दर्शन घडविणे, हेच अशा खेळाच्या स्वतंत्र अस्तित्वाचे समर्थन होय. जेथे ते साधले नाही, तेथे तो केवळ गाण्यांचा महाग गठ्ठा ठरला.