पीक-पाहणीची आज्ञावली : चाचणीच्या पायऱ्या आणि महाड-पोलादपूरचा प्रश्न

नव्या पद्धतीची परीक्षा कोठे व किती काळ व्हावी, हा प्रश्न महाराष्ट्राच्या महसुली इतिहासात नवा नाही. पुणे प्रांतात रॉबर्ट प्रिंगल यांनी १८२७ च्या सुमारास आरंभिलेली पाहणी तत्त्वतः सुसंगत होती; जमिनीच्या निव्वळ उत्पन्नावरून सारा ठरविण्याची ती योजना होती. परंतु ती विस्तृत प्रदेशावर एकदम लागू झाली, आणि भार असह्य होऊन रयतेने जमिनी टाकल्या. उलट गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर या एकाच तालुक्यापासून आरंभ केला. अनुभवाने पद्धत सुधारत गेली व १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम स्थिर झाले. एकाने प्रथम प्रसार केला व नंतर परीक्षा झाली. दुसऱ्यांनी प्रथम परीक्षा केली व नंतर प्रसार केला.

संगणकाच्या आज्ञावलीसंबंधीही हाच भेद विचारात घ्यावा लागतो. तिच्या चाचणीच्या पायऱ्या सामान्यतः चार मानल्या जातात : प्रथम प्रत्येक घटकाची, नंतर जोडलेल्या घटकांची, त्यानंतर संपूर्ण प्रणालीची, आणि शेवटी वापरणाऱ्याच्या दृष्टीने स्वीकृतीची. यानंतर ‘बीटा’ म्हणजे मर्यादित लोकांच्या हाती दिलेली आवृत्ती व अखेरीस सर्वांसाठी प्रसारण. जुन्या रीतीत या पायऱ्या बांधकाम संपल्यावर येत. २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात १७ तज्ज्ञांनी जाहीरनामा काढून ज्या पद्धतीस ‘ॲजाइल’ हे नाव दिले, तीत थोडे रचावे, लगेच तपासावे, वापरणाऱ्यास दाखवावे, असे छोटे फेरे चालतात. प्रत्येक फेऱ्यात पूर्वी चालत असलेले भागही पुन्हा तपासावे लागतात. कारण एक दुरुस्ती दुसरीकडे दोष उत्पन्न करू शकते.

महाराष्ट्रातील ई-पीक पाहणीच्या इतिहासात हा क्रम स्पष्ट दिसतो. सात-बारा उताऱ्यातील गाव नमुना बारा हा पिकांचा. त्यातील नोंद पूर्वी तलाठी करीत. ही नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, पिकाच्या छायाचित्रासह भ्रमणध्वनीवरून करावी, अशी योजना टाटा ट्रस्टच्या सहकार्याने प्रथम निवडक भागांत चालविण्यात आली व १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाली. १ ऑगस्ट २०२२ रोजी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत चुकलेली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करण्याची सोय झाली. मिश्र पिकांत मुख्य पिकासह तीन दुय्यम पिके नोंदविता येऊ लागली. शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानून त्यांपैकी १० टक्के नोंदींची तपासणी तलाठ्यांकडे राहिली. प्रसारणानंतर शेतातून आलेला अनुभव येथे पुढील आवृत्तीत उतरला. २०२४ च्या खरिपात डिजिटल पीक सर्वेक्षणाची नवी आज्ञावली प्रथम ३४ तालुक्यांत चालवून मग रब्बीत राज्यभर नेण्यात आली, हा इंदापूरचाच मार्ग होय.

आता राज्यभर प्रसारणाचा तो पहिला हंगाम महाड व पोलादपूर येथून पाहावा. त्याच्या तीन आठवडे आधी, २२ जुलै २०२१ रोजी, सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये, तर पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडी या वस्त्यांवर दरडी कोसळल्या. एकट्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली. खोऱ्यात भातखाचरे, बांधांवर तूर, उतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी, अशी येथील शेती. तुकडे लहान, वाट चढणीची, आणि डोंगराआड भ्रमणध्वनीचा संपर्क तुटणारा. सपाट मुलखात एकाच पिकाच्या मोठ्या शेतावर उत्तीर्ण झालेली आज्ञावली येथेही उत्तीर्ण होईल, असे गृहीत धरता येत नाही.

येथे दोषाची किंमत कोण देतो, हा खरा प्रश्न आहे. दुकानदाराच्या आज्ञावलीत दोष निघाला तर ग्राहक दुसरे दुकान गाठतो. सात-बारा एकच असतो. त्यावर पीक चढले नाही, तर पीक-विमा, हमीभावाची खरेदी व नुकसानभरपाई या तिन्ही ठिकाणी शेतकऱ्यास अडचण येते, आणि हंगाम सरल्यावर पीक उभे नसल्याने पुरावाही उरत नाही. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेली पाहणी गावोगावच्या सहायकांकडून करून घेण्याची पुढे झालेली व्यवस्था यासाठीच महत्त्वाची होय. यंत्र जेथे थांबते तेथे मनुष्य असावा लागतो.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, चाचणीसाठी तालुके निवडताना सर्वांत सोयीचा नव्हे, तर पोलादपूरसारखा सर्वांत अवघड तालुका प्रथम घ्यावा. दुसरा, फेऱ्याफेऱ्याने सुधारणे ही पद्धत उत्तम असली, तरी सुधारणा पुढच्या आवृत्तीत येते आणि हानी याच हंगामात होते. म्हणून नव्या आवृत्तीबरोबर जुनी वाट काही काळ उघडी ठेवणे, हा चाचणीचाच एक भाग मानला पाहिजे. रयतेने टाकलेल्या जमिनी हीच प्रिंगल यांच्या पाहणीची खरी चाचणी ठरली. तशी चाचणी पुन्हा शेतकऱ्याच्या पदरात पडू नये, एवढेच या इतिहासाचे सांगणे आहे.