पाऊस, पोलाद आणि हायड्रोजन

कर्जत-खोपोली लोकल पकडणाऱ्या ट्रेकर मंडळींसाठी पाऊस म्हणजे धबधबे. पोलाद वितळवणाऱ्यासाठी पाऊस म्हणजे हायड्रोजन! दमट चुना किंवा गंजलेलं भंगार भट्टीत पडलं, की पाण्यातला हायड्रोजन थेट वितळलेल्या लोखंडात शिरतो. आणि नेमकं खोपोलीलाच १९६२ साली स्थापन झालेल्या महिंद्रा युजिनने (सोबत फ्रान्सची युजिन) मिश्रधातूंच्या पोलादाचा कारखाना काढला. पुढे तो जपानच्या सान्योकडे गेला. गिअर-बेअरिंगचं हे पोलाद. हायड्रोजनचं याला भलतंच वावडं.

हे वावडं जुनं आहे. १८७५ मध्ये जॉन्सन नावाच्या इंग्रजाने लिहून ठेवलं, की आम्लात बुडवलेली तार कडकन मोडते, पण काही दिवस तशीच ठेवली तर पुन्हा चिवट होते. आणि खरी गोची अशी, की पोलाद जितकं मजबूत तितका त्रास जास्त.

वितळलेलं लोखंड दहा लाखांत साधारण २५ भाग हायड्रोजन पचवतं; थंड झाल्यावर जवळजवळ शून्य. मग उरलेला हायड्रोजन जाणार कुठे? जाड ठोकळ्याच्या पोटात अडकतो आणि केसासारख्या चिरा पाडतो. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या वीजकेंद्रांत अवाढव्य रोटर फिरता फिरता फुटले, माणसं दगावली. त्यामागे अशा चिराही होत्या.

उपाय त्याच दशकात जर्मनीत बोखुमला मोठ्या प्रमाणावर वापरात आला: वितळलेलं पोलाद निर्वातात धरायचं. विरघळलेला हायड्रोजन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे दाब हजारपट उतरवला की हायड्रोजन सुमारे तीसपट कमी. २५ चा एकाच्या आत! मला तरी हे गणित भारी वाटतं.

पण आता हायड्रोजन इंधन म्हणून पाइपात आणि टाक्यांत भरायचाय, म्हणजे तो बाहेरून घुसणार. त्यामुळे नवी पोलादं त्याला हाकलत बसण्याऐवजी आतच कोंडायला बघतात. व्हॅनेडियम-नायोबियमच्या कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण पेरायचे, ते हायड्रोजन धरून ठेवतात. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या आणि २०२० मध्ये सिडनीच्या संशोधकांनी (हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम वापरून) असे अडकलेले अणू प्रत्यक्ष दाखवले. बोल्टसारख्या वस्तूत, जिथे थोडाच हायड्रोजन शिरतो, तिथे हे छान चालेल. पाइपलाइनमध्ये मात्र तो वर्षानुवर्षं येतच राहणार, आणि पिंजरे एकदा भरले की भरले.