हेळव्याची वही आणि तहसीलचं दप्तर : आपलं घराणं गावात कुठून आलं, ते कसं शोधायचं

कोल्हापूर जिल्ह्यात कुठल्याही गावात जुन्या माणसाला विचारलं की तुमचं घराणं इथलंच का, तर बऱ्याचदा उत्तर येतं, "न्हाई, आमी मूळचं तिकडचं." तिकडचं म्हणजे कुणाचं घाटाखालचं, कुणाचं कर्नाटकातलं, कुणाचं माणदेशातलं. पणजा बैलगाडीनं आला, कुणी घरजावई म्हणून आला, कुणी पाटीलकी मिळाली म्हणून आला. तीन पिढ्यांपर्यंत नावं तोंडपाठ असतात. त्याच्या पुढं धुकं.

एरवी हा पारावरच्या गप्पांचा विषय. पण गेल्या काही वर्षांत वंशावळ ही गरजेची गोष्ट झाली आहे. जातीचा दाखला, जात पडताळणी, वारस नोंद, वाटणीचा दावा, सगळीकडं पहिला प्रश्न तोच येतो : खापरपणजोबाचं नाव काय आणि कागद कुठं आहे? दलालही या कामात शिरले आहेत. म्हणून घराण्याची माहिती आपल्या भागात कुठं कुठं सापडते आणि त्यातली किती खरी धरायची, हे समजून घेतलेलं बरं.

दारात येणारा इतिहास

आपल्या भागाचं मोठं नशीब म्हणजे हेळवी. कोल्हापूर, सांगली आणि पलीकडं बेळगाव, विजापूर या पट्ट्यात घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा हा समाज. कन्नडमध्ये हेळू म्हणजे सांगणं, आणि हेळव म्हणजे पांगळा. पूर्वी हेळवी बैलावर बसून, पाय कापडानं झाकून गावात यायचा, म्हणून त्याला पांगुळ असंही म्हणत. बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली की आळीला कळायचं. आता बैल क्वचित दिसतो, मोटारसायकल दिसते. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत हा समाज हेळवे या नावानं आहे.

हेळव्यांत गावं आणि घराणी वाटून घेतलेली असतात. एका घराण्याचा हेळवी ठरलेला, आणि त्याच्या मागं त्याचा पोरगा. दर काही वर्षांनी, सुगीनंतर घरात पैसाधान्य असताना, तो येतो. वही उघडून मूळ पुरुषापासून नावं वाचतो : मूळ गाव कुठलं, कुळी कोणती, कुलदैवत कोण, किती भाऊ होते, कोण कुठल्या गावाला गेला. मग मागच्या खेपेनंतर घरात जन्मलेल्यांची नावं लिहून घेतो. त्याबद्दल धान्य, कपडे, भांडं, पैसे, ऐपतदार घरातून पूर्वी वासरूही दिलं जाई. मराठा, लिंगायत, जैन, धनगर अशा वेगवेगळ्या समाजांतल्या शेतकरी घराण्यांना आपापले हेळवी आहेत.

कुणी याला भिक्षा म्हणतं. ते बरोबर नाही. नोंद ठेवायची आणि त्याची बिदागी घ्यायची, असा हा सरळ व्यवहार आहे. तलाठ्याच्या दप्तरात फक्त जमीन असलेला माणूस दिसतो. हेळव्याच्या वहीत गाव सोडून गेलेला धाकटा भाऊही दिसतो.

वहीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. जुनी वही फाटली की नवी उतरवून काढतात, आणि उतरवताना एखादं नाव गळतं किंवा दोन दत्तोबांचा एक होतो. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची आपली पद्धत, त्यामुळं तीच तीच नावं परत येतात आणि पिढी मोजताना घोळ होतो. काही घराण्यांच्या वंशाचं टोक एखाद्या राजापर्यंत किंवा थेट देवापर्यंत नेलेलं असतं. तेवढा भाग मानासाठी आहे, पुराव्यासाठी नाही.

वर्षांचा अंदाज काढायला सोपा हिशोब आहे. एक पिढी साधारण पंचवीस वर्षांची धरायची. हेळव्यानं गावात आलेल्या पुरुषापासून आजपर्यंत बारा पिढ्या सांगितल्या, तर ते साधारण तीनशे वर्षांपूर्वीचं, म्हणजे १७२५ च्या आसपासचं झालं. करवीरची गादी वेगळी झाली १७१० मध्ये, आणि सातारा व कोल्हापूर यांच्यात वारणेचा तह झाला १७३१ मध्ये. त्या धामधुमीत पाटीलक्या, इनामं, शिबंदीच्या नोकऱ्या या निमित्तानं माणसं हलली असणं सहज शक्य आहे. पण हेळवी "दुर्गादेवीच्या दुष्काळात आलेला" म्हणत असेल आणि पिढ्या मात्र बाराच भरत असतील, तर मेळ बसत नाही. तो दुष्काळ सहाशे वर्षांपूर्वीचा, १३९६ नंतरचा. मधल्या पिढ्या गळाल्या असतील, नाहीतर दुष्काळ दुसराच असेल. १६३० चा आहे, १८७६ चा आहे.

शिरोळ, गडहिंग्लज या भागातल्या हेळव्यांच्या वह्या कन्नडमध्येही असतात. तिथं गौडा लिहिलेलं असलं तर तो आपला पाटील, आणि शानभोग म्हणजे कुलकर्णी. नावांच्या मागं अप्पा, गौडा लागलेलं असतं, तेच नाव मराठी कागदात वेगळं दिसतं. एकच माणूस दोन माणसं समजून पुढं जायचा धोका इथं फार.

आडनावाचा गुंता

पाटील हे हुद्द्यावरून आलेलं आडनाव. पाटीलकी ज्या घरात होती ते पाटील झाले, आणि त्यांची मूळ कुळी चव्हाण, माने, जाधव, काहीही असू शकते. देसाई, कुलकर्णी, चौगुले, नाईक यांचंही तसंच. म्हणून जुन्या कागदात "पाटील" शोधून काही सापडलं नाही तर हात टेकू नयेत, मूळ कुळीनं शोधावं. त्याहून जुन्या कागदात आडनावच नसतं. नुसतं "राणोजी बिन संताजी" असतं. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. त्यापुढं वतन किंवा गाव लिहिलेलं असेल तेवढीच ओळख.

गावाच्या नावावरून आलेली आडनावं जास्त उपयोगाची. 'कर' लागलेलं आडनाव बहुधा मूळ गाव सांगतं, आणि ते गाव आजच्या गावापासून लांब असेल तर तेवढा प्रवास नक्की झालेला आहे. राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड या घाटमाथ्याच्या तालुक्यांत कोकणातून वर आलेली घराणी आहेत. फोंडा, करूळ, भुईबावडा, आंबोली, अंबा या घाटांनी मीठ, मासळी, तांदूळ वर आला, गूळ खाली गेला, तशीच माणसंही आली. त्यांचं कुलदैवत अजून घाटाखाली असतं आणि वर्षाआड नारळ द्यायला जावं लागतं. ज्या घराला आपलं मूळ गाव माहीत नाही, त्यानं आधी आपल्या कुलदैवताचं ठाणं कुठं आहे ते बघावं.

सरकारी दप्तरात काय मिळतं

इथं पहिली गोष्ट म्हणजे आपलं गाव पूर्वी कुणाकडं होतं ते माहीत हवं. आजचा कोल्हापूर जिल्हा सगळाच्या सगळा करवीर संस्थानात नव्हता, आणि संस्थानातही बावडा, विशाळगड, कागल, कापशी, इचलकरंजी अशा जहागिऱ्या होत्या. आजरा इचलकरंजी जहागिरीत होतं. कुरुंदवाड हे पटवर्धनांचं वेगळं संस्थान. हातकणंगले तालुक्याचा भाग जुन्या कागदात आळते पेटा म्हणून येतो. चंदगड तर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. त्यामुळं चंदगडकडच्या माणसानं कोल्हापुरात हेलपाटे घालून जुना कागद मिळत नसेल, तर तो बेळगावला असण्याचा संभव धरावा. उलट रायबाग आणि कटकोळ हे करवीर संस्थानचे भाग आता कर्नाटकात आहेत. करवीर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. संस्थानी काळाचं दप्तर राज्य शासनाच्या कोल्हापूर पुरालेखागारात आहे.

माणसाच्या कामाचा पहिला कागद मात्र पुरालेखागारात नाही, शाळेत आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यामुळं आपल्याकडं शेतकऱ्याच्या पोराचं नावही शाळेच्या जनरल रजिस्टरात लवकर आलं. जन्मतारीख, बापाचं नाव, जात, आधीचं गाव असं बरंच त्यात मिळतं. गावातली शाळा जुनी असेल तर मुख्याध्यापकांकडं अर्ज देऊन उतारा मागावा. आजोबाच नाही, आजोबाचा भाऊ, आत्या, चुलत आजोबा यांचीही नावं बघावीत. रक्ताच्या नात्यातल्या कुणाचीही नोंद पुढं उपयोगी पडते, मात्र ते नातं कागदानं जुळवून दाखवावं लागतं.

दुसरा कागद कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. गावातले जन्म आणि मृत्यू कोतवालाच्या सांगण्यावरून त्यात लिहिलेले असत, जातीसह. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतं. जुनी पानं मोडीत असतात आणि वाळवीनं खाल्लेलीही असतात. तिसरा जमिनीचा : सातबारा, त्याच्या मागचे फेरफार, आणि भूमी अभिलेख म्हणजे मोजणी ऑफिसातली शेतवार पत्रकं. हक्कनोंदीच्या फेरफारात "मयत, वारस मुलगे अमुक तमुक" अशी ओळ सापडली की दोन पिढ्या एकदम जुळतात. आणखी एक कागद लोकांच्या ध्यानात नसतो, १९५१ चं राष्ट्रीय नागरिक रजिस्टर. त्यात घरवार माणसांची नावं आहेत.

कूळ म्हणून आलेल्या घरांनी १ एप्रिल १९५७ नंतरचे फेरफार जरूर काढावेत. कुळकायद्यानं तो कृषकदिन ठरवला, आणि कसणारा माणूस मालक झाला. त्याआधी पन्नास वर्षं घराणं गावात राबत असेल, पण मालक म्हणून त्याचं नाव कागदावर पहिल्यांदा तिथंच दिसतं. गावात ते घर "नवं" समजलं जातं ते बऱ्याचदा एवढ्यामुळंच. धरणात गाव गेल्यामुळं दुसऱ्या तालुक्यात वसवलेल्या लोकांचं आणखी वेगळं आहे. त्यांचा जुना कागद बुडालेल्या गावाच्या नावावर आहे, आणि नव्या वसाहतीच्या सज्जात तो शोधून मिळणार नाही. मूळ तालुक्यालाच जावं लागतं.

दाखल्यासाठी कुठली तारीख

जातीच्या दाखल्याला किती जुना पुरावा लागतो याबद्दल गावात फार गोंधळ आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा बघतात. कुणबी हे इतर मागास वर्गात येतात, म्हणजे त्यांना १९६७ ची तारीख लागू. तेव्हा शिवकालातला ताम्रपट शोधत बसण्याची गरज नाही. आजोबाच्या शाळेचा उतारा लाखमोलाचा असतो.

कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. सुरुवात मराठवाड्यातून झाली, पुढं शोध राज्यभर वाढला. २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय मात्र मराठवाड्यासाठी आहे. कोल्हापूर कधी निजामाकडं नव्हतं, त्यामुळं त्या गॅझेटच्या आधारानं इथं दाखला काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. हेळव्याची वहीही एकटीच पुरेल असं धरून चालू नये. वहीतून नातं आणि मूळ गाव कळतं, त्या धाग्यानं पुढं शाळा आणि महसुली कागद काढायचे. खोट्या माहितीवर दाखला घेतला तर २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्यात सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा दंड, किंवा दोन्ही आहे, आणि मिळालेली नोकरी, प्रवेश, सरपंचपद जातं ते वेगळंच.

लेकींची नावं

हेळव्याच्या वहीत वंश मुलांकडून चालतो. लेकी बहुतेक नसतातच, आणि सुना आल्या तर "अमक्याची बायको" म्हणून. जुनी रीत म्हणून ते सोडून देता येतं, पण वारस नोंदीसाठी वंशावळ लिहिताना तीच रीत चालवली की घरात भांडण ठरलेलं. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. आत्याचं नाव वगळून केलेलं शपथपत्र पुढं दहा वर्षांनी फेरफार अडवतं, आणि तोवर वंशावळीवर सही करणारा म्हातारा हयात नसतो. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तो तिनं नोंदणीकृत हक्कसोडपत्रानं सोडावा. वंशावळीतून तिचं नाव गाळण्याचा अधिकार भावाला नाही.

मोडी आणि मोबाईल

मोडी वाचणारी माणसं कोल्हापुरात अजून मिळतात. १९५० च्या सुमारास शाळांतून मोडी गेली, त्यामुळं गावातला मोडी जाणणारा शेवटचा माणूस बहुतेक ठिकाणी गेलेला आहे. कागद वाचून घेताना नुसता मराठी सारांश घेऊ नये. ओळीला ओळ असं लिप्यंतर मागावं, त्याखाली वाचणाऱ्याची सही आणि तारीख घ्यावी. सरकारी कामाला मूळ कागदाची सहीशिक्क्याची नक्कल लागते, मोबाईलमधला फोटो चालत नाही.

घरी ट्रंकेत जुने कागद असतील तर चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर अजिबात करू नये. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावेत, आणि दिवसाच्या उजेडात एकेका पानाचा फोटो काढून दोन-तीन भावकीच्या फोनवर ठेवावा. हेळवी येईल तेव्हा त्यानं वाचलेली वंशावळ रेकॉर्ड करता येते, पण आधी त्याला विचारून. वहीच्या पानांचे फोटो काढायला बरेच हेळवी नकार देतात, कारण ती वही म्हणजे त्यांचं पोट आहे. अशा वेळी आपल्या घराण्याची पानं त्याच्याकडून हातानं उतरवून घ्यावीत, खाली त्याचं नाव, गाव आणि तारीख घालावी, आणि बिदागी देताना हात आखडू नये.