मॉरिशसला गेलेल्या जोडप्यांचा संसार

परदेशी गेलेल्या माणसाने किती पैसा मिळविला याची चौकशी सर्वच करितात. त्या पैशापायी नवराबायकोस काय सोसावे लागले हे क्वचितच कोणी विचारतो. म्हणून या महोत्सवी स्मरणिकेत आम्ही मॉरिशस बेटास गेलेल्या जोडप्यांची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१८३५ साली त्या बेटात गुलामगिरी बंद झाली. तत्पूर्वीच, १८३४ पासून, उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास आरंभ झाला होता. १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे तेथे उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी व सावंतवाडीकडील मराठी लोकही होते.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरताच प्रत्येकास एक क्रमांक मिळे. पुढे मळ्यावर एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. बायको तापाने पडली आणि नवरा तिच्या उशाशी बसला, तर त्या दोन दिवसांच्या धान्याची भ्रांत! घरी सासू, जाऊ, शेजारीण धावून आली असती. तेथे कोण येणार? १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरासही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला की अटकेची धास्ती, आणि मागे घरी बायको एकटी.

याहून मोठे दुःख निराळेच होते. केवळ धर्मविधीने लागलेले लग्न तेथील कायदा मानीत नसे. सरकारी नोंद न झालेल्या जोडप्याची मुले अनौरस ठरत. लग्नबंधनाची किंमत अशा ठिकाणी कळते. १८४१ साली तेथे पोहोचलेले व १९७९ साली धन्यवादित घोषित झालेले फादर लाव्हाल यांनी, मुक्त झालेल्या गुलामांची लग्ने लावून देण्यासाठी एवढे कष्ट का घेतले, तेही यावरून ध्यानी येईल.

इतके सोसूनही कित्येक जोडपी तेथेच रुजली. त्यांच्या वंशजांच्या घरी आजही गणपती बसतो आणि तेथील शाळांतून मराठी शिकविली जाते. पोर्ट लुईचा तो धक्का २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जतन केला जात आहे.

आपली मुलेही आज परदेशी संसार थाटतात. त्यांस पगार विचारण्याआधी, दुखण्याखुपण्यात जवळ कोण असते, हे वाचकांनी अवश्य विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.